प्रेक्षकांचा तराजू

जिम्नॅस्टिक्सचा सामना पाहून उठलेल्या माणसाने उडी किती उंच गेली, पाय जमिनीवर स्थिर टेकले की डगमगले, याविषयी बोलावे, हे सरळच आहे. तेवढेही ज्याला कळत नसेल त्याने कळणाऱ्याचे ऐकावे. परंतु ज्याला उडीतले काही कळत नाही आणि कळून घेण्याची इच्छाही नाही, असा मनुष्य उडी मारणारीच्या कमरेचा घेर मोजावयास बसतो, आणि त्याच मोजणीला रसिकता म्हणवून घेतो. या रसिकतेचा निषेध करण्यासाठी आम्ही आज लेखणी उचलली आहे. निमित्त दूरच्या मेक्सिको देशातले आहे. परंतु दोष मात्र कोणत्याही एका देशाच्या मालकीचा नाही.

७ ऑगस्ट २०१६ रोजी रिओ द जानेरो येथील ऑलिंपिकमध्ये मेक्सिकोची एकुलती एक स्त्री जिम्नॅस्ट अलेक्सा मोरेनो ही प्राथमिक फेरीत उतरली. मेक्सिकोच्या उत्तर सीमेवर, अमेरिकेला अगदी लागून वसलेल्या मेक्सिकाली शहरातली ही मुलगी. एकंदर गुणांत तिचा क्रमांक ३१वा आला. जगातल्या निवडक जिम्नॅस्टांच्या मेळाव्यात एकटीने येऊन मिळविलेला हा क्रमांक होता. पण तिच्या देशबांधवांपैकी पुष्कळांनी तो पाहिलाच नाही. त्यांना दिसल्या त्या तिच्या मांड्या, तिचे दंड आणि तिचा आखूड, भरीव बांधा. ट्विटरवर तिची तुलना डुकराशी करण्यापर्यंत लोकांची मजल गेली. दुसऱ्या दिवशी तिचा २२वा वाढदिवस होता. त्या दिवशी देशाकडून तिला मिळालेली भेट ही अशी!

तिची बाजू घेणारे लोकही त्या वेळी उठले, हे नमूद करणे न्यायाचे होईल. तथापि घाव घालणारा आणि फुंकर घालणारा हे दोघे सारख्या संख्येने असले, तरी घाव झालाच नाही असे कोणी म्हणणार नाही.

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. रिओनंतर काही काळ ती स्पर्धांपासून दूर राहिली, आणि मग परत आली. २ नोव्हेंबर २०१८ रोजी दोहा येथील जागतिक स्पर्धेत व्हॉल्ट या प्रकारात तिने कांस्यपदक मिळविले. पहिली अमेरिकेची सिमोन बाइल्स, दुसरी कॅनडाची शॅलन ओल्सेन आणि तिसरी अलेक्सा मोरेनो. जागतिक स्पर्धेत पदक मिळविणारी ती मेक्सिकोची पहिली स्त्री जिम्नॅस्ट होय. २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये ती याच प्रकारात चौथी आली. तिसऱ्या आलेल्या दक्षिण कोरियाच्या यो सो-जंगला १४.७३३ गुण मिळाले आणि हिला १४.७१६. पदक हुकले ते केवळ ०.०१७ गुणाने. ऑलिंपिकमध्ये मेक्सिकन स्त्री जिम्नॅस्टने तोवर इतका वरचा क्रमांक मिळविला नव्हता.

येथपर्यंत आले की कथेकरी टाळ वाजवितो आणि तात्पर्य सांगतो: ‘पाहा, तिने टीकाकारांना पदकाने उत्तर दिले!’ वर्तमानपत्रांना हे तात्पर्य फार आवडले. आम्हांला मात्र ते मुळीच मान्य नाही, आणि आमचे खरे भांडण निंदकांपेक्षाही या तात्पर्याशी अधिक आहे. निंदकाचे हीनत्व उघडे असते. ते ओळखावयास फारशी बुद्धी लागत नाही. पण ‘पदकाने उत्तर दिले’ या वाक्यात एक कबुली दडलेली आहे. ती अशी की, निंदकांनी विचारलेला प्रश्न वाजवी होता, उत्तर देणे तिचे कर्तव्य होते, आणि पदक मिळाले नसते तर ती निरुत्तर ठरली असती. दोहा येथे तिचा पाय घसरला असता, तर रिओमधली शिवी खरी ठरणार होती काय? ज्या प्रश्नाला विचारण्याचाच अधिकार नव्हता, त्याला उत्तराची अपेक्षा कसली?

आता आमच्यावर घेतले जाणारे आक्षेप पाहू. पहिला आक्षेप सुशिक्षितांचा आहे. ते म्हणतात, ‘जिम्नॅस्टिक्स ही धावण्याची शर्यत नव्हे, तो कलात्मक खेळ आहे. नावातच कला आहे. मग देहाच्या सौंदर्याविषयी प्रेक्षकाने मत दिले, तर बिघडले कोठे?’ आक्षेप वरवर गोंडस दिसतो. परंतु खेळाचे नियम उघडून पाहिले की तो टिकत नाही. व्हॉल्टचेच पाहा. जास्तीत जास्त २५ मीटर धावत यावयाचे, स्प्रिंगबोर्डावर दोन्ही पाय आदळावयाचे, १२५ सेंटिमीटर उंचीच्या मेजावर हात टेकून तेथून स्वतःला हवेत फेकावयाचे, तेथे कोलांट्या आणि गिरक्या पुऱ्या करावयाच्या, आणि शेवटी एकही पाऊल न हलविता उभे राहावयाचे. परीक्षक दोन गोष्टी मोजतात. एक, उडीची काठिण्यपातळी. ती प्रत्येक उडीसाठी आधीच ठरलेली असते. दुसरी, ती उडी किती शुद्ध झाली. येथे दहा गुणांपासून उतरंड सुरू होते. गुडघा वाकला, गुण गेले. पाय एकमेकांपासून सुटले, गुण गेले. पडली, तर एक पुरा गुण गेला. अंतिम फेरीत दोन निरनिराळ्या उड्या मारावयाच्या आणि त्यांची सरासरी काढावयाची. या सगळ्या हिशेबात मांडीच्या घेराचे कलम कोठे आहे? ते नाही. उलट ज्या मांड्यांना लोक हसले, त्याच मांड्या तिला त्या मेजावरून वर फेकीत होत्या. लोहाराच्या दंडाला हसावयाचे आणि त्याने घडविलेल्या विळ्याचे कौतुक करावयाचे, यात विसंगती आहे एवढेही या रसिकांच्या ध्यानात येऊ नये!

मग हा बारीक, बालिश देहाचा हट्ट आला कोठून? तो या खेळाच्या जन्माबरोबर आलेला नाही. १९६८ साली याच मेक्सिकोच्या राजधानीत ऑलिंपिक भरले होते. चेकोस्लोव्हाकियाची व्हेरा चास्लाव्स्का तेथे चार सुवर्णपदके घेऊन गेली. तिचे वय २६ होते. ती पूर्ण वाढलेली, भरल्या अंगाची स्त्री होती. जमिनीवरच्या कसरतीसाठी तिने मेक्सिकोच्याच लोकनृत्याचे संगीत निवडले आणि तेथल्या प्रेक्षकांनी तिला डोक्यावर घेतले. त्याच दिवसांत तिने मेक्सिको शहरात लग्नही केले. परक्या देशाच्या प्रौढ स्त्रीवर जीव टाकणाऱ्या त्याच समाजाने अर्ध्या शतकाने स्वतःच्या मुलीला हिणवावे, याचे कारण काय? कारण असे की, मधल्या काळात प्रेक्षकाची दृष्टी बदलली. १९७६ साली मॉन्ट्रियल येथे रुमानियाच्या १४ वर्षांच्या नादिया कोमानेचीने पूर्ण १० गुण मिळविले आणि जगाला वेड लावले. तिचा पराक्रम निर्विवाद आहे. परंतु त्या पराक्रमापासून जगाने चुकीचा धडा घेतला. जिम्नॅस्ट म्हणजे लहान मुलगी, असे समीकरण लोकांच्या मनात पक्के बसले. पुढे नियम बदलले. १९९७ पासून किमान वय १६ झाले. २००६ पासून नव्या गुणपद्धतीत काठिण्याला वरची मर्यादा राहिली नाही आणि बळाला अधिक मोल आले. उझबेकिस्तानच्या ओक्साना चुसोविटिनाने २००८ साली वयाच्या ३३व्या वर्षी जर्मनीसाठी व्हॉल्टचे रौप्यपदक मिळविले. खेळ पुढे गेला. प्रेक्षकाची दृष्टी मात्र १९७६ सालीच अडकून पडली. जुन्या वजनमापांनी नवा माल तोलणाऱ्या दुकानदाराला आपण लबाड म्हणतो. या प्रेक्षकाला निराळे नाव का द्यावे?

दुसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा. ‘शब्दांनी कोणी मरत नाही. सार्वजनिक रंगणात उतरावयाचे तर अंगाला तेवढे तेल लावलेले हवे.’ या लोकांनी अमेरिकेच्या क्रिस्टी हेनरिकची कहाणी वाचावी. एका परीक्षकाने या तरुण जिम्नॅस्टला वजन कमी करण्यास सुचविले. सूचना एका वाक्याची होती. मुलीने अन्न तोडले. ते पुन्हा जुळले नाही. २६ जुलै १९९४ रोजी, वयाची २२ वर्षे पुरी होऊन आठच दिवस झाले असता, उपासमारीच्या या विकाराने तिचा देह थकून बंद पडला. योगायोग असा की, त्यानंतर १३ दिवसांनी, ८ ऑगस्ट १९९४ रोजी, मेक्सिकोमध्ये अलेक्सा मोरेनोचा जन्म झाला. त्या एका मृत्यूने जगाला जे शिकवावयास हवे होते, ते या मुलीच्या २२व्या वाढदिवसापर्यंतही जग शिकले नव्हते. शब्दांनी कोणी मरत नाही असे म्हणणाऱ्यांनी हे दोन दिनांक शेजारी शेजारी लिहून पाहावेत.

कोणी विचारील, मग आहार आणि वजन यांविषयी कोणीच काही बोलू नये काय? आम्ही असे म्हटलेले नाही. खेळाडूच्या सांध्यांवर किती भार पडतो, तिने काय खावे, किती विसावा घ्यावा, हे वैद्याने आणि जाणत्या गुरूने पाहावयाचे असते. तेही चार भिंतींच्या आत, तिच्या हितासाठी आणि तिच्या संमतीने. ज्याने तिला आयुष्यात दीड मिनिट पाहिले, त्याच्याकडे हा अधिकार येत नाही. आरामखुर्चीत बसून दुसरीच्या देहाचे पथ्य सांगणारा वैद्य आम्ही तरी मानीत नाही.

तिसरा आक्षेप आमच्याच वाचकांपैकी कोणी घेईल: ‘मेक्सिकोच्या भांडणाशी आपला संबंध काय?’ संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. त्याच रिओमध्ये, त्याच व्हॉल्टवर, आगरतळ्याच्या दीपा कर्माकरने १५.०६६ गुण मिळवून चौथा क्रमांक पटकाविला होता, कांस्यपदक ०.१५० गुणाने हुकले. भारताने त्या चौथ्या क्रमांकाचा उत्सव केला, आणि योग्य केले. पण आपण मनाशी प्रामाणिकपणे विचारावे: दीपा ३१वी आली असती, तर आपण काय केले असते? तिच्या तळव्यांना जन्मतः कमान नव्हती. ही गोष्ट आपण आज कौतुकाने सांगतो, कारण ती जिंकण्याच्या जवळ पोहोचली. ती मागे राहिली असती, तर तीच गोष्ट आपण दोष म्हणून सांगितली नसती काय?

याहूनही जवळची गोष्ट घरातली आहे. आपल्या कन्येला दोरीच्या मल्लखांबावर किंवा जिम्नॅस्टिक्सच्या वर्गात पाठविणारी मध्यमवर्गीय कुटुंबे आज थोडी नाहीत. ही मुलगी बारा-तेरा वर्षांची होते, तिचे खांदे रुंदावतात, दंडाला गोळा येतो, आणि मग एखाद्या सणाच्या पंगतीला कोणी काकू सहज म्हणून जातात, ‘अगंबाई, किती थोराड दिसावयास लागलीस! आता पुरे की ते.’ बोलणारीच्या मनात द्वेष नसतो. पण मुलगी पानावरची पोळी परत ठेवते. ट्विटरवरची शिवी आणि पंगतीतला हा शेरा यांत भाषेचा फरक आहे, तराजू एकच आहे. आणि ज्या मुलीच्या नशिबी दोहाचे पदक नाही, म्हणजे बहुतेक सर्वच मुली, तिने उत्तर कशाने द्यावे? पदकाच्या तात्पर्याने तिला वाऱ्यावर सोडले आहे. म्हणूनच ते तात्पर्य आम्हांला घातक वाटते.

अलेक्सा मोरेनो त्यानंतर २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्येही उतरली. वय ३०च्या उंबरठ्यावर होते. अंतिम फेरी या वेळी तिला गाठता आली नाही. पदकाने सन्मान मिळतो असे मानणाऱ्यांना या प्रसंगी काय बोलावे ते सुचले नसेल. आमचे म्हणणे सोपे आहे. पॅरिसच्या निकालाने दोहाचे पदक पुसले गेले नाही; तसेच दोहाच्या पदकाने रिओचा अपराध धुतला गेला नाही. २०१६ साली ३१वी आलेली मुलगी आणि २०१८ साली तिसरी आलेली मुलगी एकच होती, आणि दोन्ही वेळी तिला सारख्याच आदराचा अधिकार होता.

जे हसले त्यांनी पुढे टाळ्या वाजविल्या. टाळ्या वाजविणे फार सोपे असते. त्यात कबुली द्यावी लागत नाही. आम्ही त्यांच्याकडून टाळ्या मागत नाही. त्यांनी तराजू खाली ठेवावा, इतकेच आमचे मागणे आहे. आणि तो ठेवण्याचा आरंभ आपापल्या घरच्या पंगतीपासून व्हावा, अशी आमच्या वाचकांना आमची विनंती आहे.