उष्ट्याचा हिशेब

अन्न वाया घालवू नका, असं जो उठतो तो सांगतोय. शाळेचा फळा सांगतो, मंगल कार्यालयाची भिंत सांगते. सांगा. पण कुणाला सांगताय ते एकदा बघून घ्या.

मी लोहाऱ्याचा. मॅट्रिक झालो आणि मुंबईला गोदीत पोती उचलायला लागलो. आमच्या घरी भाकर शिळी झाली की माय तिचे कुटके करून फोडणीला टाकते. त्यातूनही उरली तर उन्हात वाळवून ठेवते. १९७२ च्या दुष्काळात आजीनं खडी फोडली, सुकडी अन् मिलोवर लेकरं जगवली. तिला काटकसर शिकवणार कोण? आपल्याच जिल्ह्यातल्या शाहू पाटोळेंनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून महार-मांगांच्या चुलीवर काय शिजलं ते मांडलं. वाचा ते. टाकाऊ काय हे ठरवणारा कोण आणि ते शिजवून खाणारा कोण, तिथं कळेल.

आता आकडा घ्या. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल म्हणतो, भारतात घरांतून माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न कचऱ्यात जातं. सालं-देठं धरून. आणि २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला धान्य किती? ५ किलो. वर्षाचं ६०. ओला कचरा आणि कोरडं धान्य एक नाही, हे मलाही कळतं. रोज वजनं उचलतो. तरी तराजूची दोन पारडी बघा! शिवाय 'माणशी' या शब्दाची मेख बघा. सरासरी काढली की टॉवरातल्या फ्रीजचं पाप माझ्या मायच्या टोपल्यावरही वाटलं जातं.

यावर शहाण्यांचा तोडगा काय, तर 'उरलेलं गरिबाला द्या'. माझी मावशी मुंबईत चार घरची धुणीभांडी करते. तिसऱ्या दिवशीचा भात, आंबलेली भाजी पिशवीत बांधून तिच्या हातात. वर 'टाकायला जिवावर येतं गं!' जिवावर येतं तर शिजवताना मोजा की! पुण्य तुमचं, पोटदुखी आमची. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेलं ढोर आणि उष्टे तुकडे सोडा. आम्ही सोडले. आता तोच तुकडा प्लास्टिकच्या पिशवीतून परत आलाय.

पण दोस्तांनो, आपल्यालाही सोडणार नाही. गावाकडं आपल्या लग्नांत बुफे आला. पाटलाच्या पोराचं बघून पाच पक्वान्नं. ताटात अर्धा भात, त्यातच हात धुतलेला. ज्याच्या आज्यानं तुकड्यासाठी दारोदार हाक मारली, त्यानं जिलेबी उकिरड्यावर फेकायची, याला मी बरोबरी म्हणत नाही. ही नक्कल आहे साली.

मग करायचं काय? माणसं मोजून पीठ मळा. आधी थोडं वाढा, मागेल त्याला पोटभर वाढा. उरलंच तर ताजं असताना, शेजाऱ्याला बोलावून, एका पंगतीत बसून संपवा. स्वतःच्या लेकराला घालणार नाही ते दुसऱ्याच्या हातावर ठेवू नका. आणि घरकामाच्या बाईला शिळं देण्याऐवजी पगार वाढवा. तिची भाकर ती थापून घेईल.

अन्न वाचवा, जरूर वाचवा. पण तुमच्या ताटात. आमच्या पोटात तुमची कचराकुंडी नको.