खोगिरावरची वर्षंही मोजा

म्हातारा सैनिक गेला की बातमीत आधी त्याची लढाई येते. तो कुठे लढला, कोणतं पदक मिळालं, हे सगळं तारीखवार छापतात. त्याने जन्मभर कोणत्या कामावर पोट भरलं, ते मात्र एका ओळीत उरकतं. हा अन्याय आहे.

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोचे मॅक्स इव्हान्स ऑगस्ट २०२० मध्ये वारले, तेव्हा ते ९५ वर्षांचे होते. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या रणधुमाळीत ते पायदळात लढले. पण त्याच्या कितीतरी आधी, कोवळ्या वयात, सांता फेजवळच्या ग्लोरिएटा मेसावर ते रँचवर राबत होते. काटेरी तारेची कुंपणं दुरुस्त करायची, चुकार गुरं हुडकायची, अंगावर खोगीर न घेणाऱ्या घोड्यावर पुन्हा पुन्हा चढायचं. पडलं तर उठायचं, कारण पगार महिनाअखेरीलाच.

युद्धानंतर इव्हान्स चित्रं काढू लागले, मग लिहू लागले. १९६० साली आलेल्या ‘द राउंडर्स’ या कादंबरीत पिस्तुलबाज नायक नाही. आहेत ते दोन कफल्लक गडी, जिम एड लव्ह नावाचा चिक्कू मालक आणि दोघांनाही पुरून उरणारा एक खोडकर घोडा. काऊबॉय म्हणजे मजुरी करणारा माणूस, हे इतक्या मायेने फार थोड्यांनी सांगितलं. १९६५ मध्ये हेन्री फोंडा आणि ग्लेन फोर्ड यांना घेऊन तिच्यावर चित्रपटही निघाला.

‘द हाय-लो कंट्री’ ही त्यांची त्याहून गंभीर कादंबरी. सॅम पेकिनपा हे दिग्दर्शक ती पडद्यावर आणायची इच्छा वर्षानुवर्षं बाळगून होते; १९८४ मध्ये ते गेले, आणि चित्रपट झाला तो १९९८ मध्ये, स्टीफन फ्रिअर्स यांच्या हातून. त्यात दोन काऊबॉय महायुद्धावरून गावी परततात, तर मधल्या काळात बड्या मालकाने आजूबाजूचे छोटे रँच गिळलेले असतात. आघाडीवर जीव धोक्यात घालणाऱ्यांना घरी पुन्हा दुसऱ्याच्याच गुरांमागे धावायची वेळ येते. सैनिकाच्या आठवणीत ही बाजू का येऊ नये?

अमेरिकन काँग्रेसने २००० साली माजी सैनिकांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून नोंदवण्याचा प्रकल्प सुरू केला. उत्तम काम आहे. मात्र समोर बसलेला म्हातारा रँचवरचा गडी असेल, तर त्याला आणखीही विचारावं: पहिला घोडा कुणाचा होता? महिन्याला हातात किती डॉलर पडायचे? घोड्यावरून पडून हाड मोडलं, तेव्हा डॉक्टरचे पैसे कुणी भरले?