चार टीबी आणली, दोनच दिसली!

एस. पी. रोडवर कधी गेला आहात का? टाउन हॉलजवळचा हा भाग म्हणजे बेंगळुरूतल्या कॉम्प्युटरवाल्यांची पंढरी. गेल्या महिन्यात बाबांबरोबर तिथे गेले आणि 4 टीबीची हार्ड डिस्क घेऊन आले.

बाबांचा डेस्कटॉप 2010 सालचा. त्यातली 500 जीबीची डिस्क काठोकाठ भरली होती आणि मधूनच 'टक टक' करू लागली होती. त्यात माझ्या शाळेपासूनचे फोटो होते, ताईचं लग्न होतं आणि आजीने म्हटलेल्या ओव्यांचं एकुलतं एक रेकॉर्डिंग होतं. आजी आता नाही.

डिस्क असा आवाज करत असेल तर कॅबिनेट उघडण्याआधी एक काम करा. जे पुन्हा मिळणार नाही तेवढं तरी पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. "आधी ओव्या," असं बाबा म्हणाले आणि ते बरोबरच होतं.

डिस्क बसवणं फार अवघड नाही. पॉवर केबल भिंतीतून काढायची, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवायची, डिस्क खाचेत सरकवून स्क्रू आवळायचे. मग दोन केबल जोडायच्या, एक मदरबोर्डकडून येणारी अरुंद साटा केबल आणि दुसरी पॉवर सप्लायची. तुमच्या मदरबोर्डवर साटाची जागाच नसेल आणि फक्त रुंद, चपटी पट्टीसारखी केबल असेल, तर मशीन फारच जुनं आहे. त्यात नवी डिस्क घालण्याच्या फंदात पडू नका.

खरी गंमत त्यानंतर झाली. कॉम्प्युटर सुरू केला, विंडोजने नवी डिस्क ओळखली आणि एमबीआर की जीपीटी असं विचारलं. मी घाईत पहिल्यावर टिचकी मारली. फॉरमॅट करून बघते तर वापरायला फक्त 2048 जीबी! उरलेला 1678 जीबीचा तुकडा काळ्या पट्टीखाली नुसता पडून. बाबा लगेच म्हणाले, "फसवलं बघ दुकानदाराने. चल, परत देऊन येऊ."

दुकानदाराचा काही दोष नव्हता. चूक माझी होती, आणि तिच्यामागे एक जुना हिशेब आहे.

डिस्कवरची जागा 512 बाइटच्या छोट्या खणांमध्ये मोजली जाते आणि प्रत्येक खणाला नंबर असतो. एमबीआर ही 1980च्या दशकातली पद्धत. तिच्यात तो नंबर लिहायला 32 बिट मिळतात, म्हणजे जास्तीत जास्त 4,29,49,67,296 खण. त्याला 512 ने गुणा, साधारण 2.2 लाख कोटी बाइट होतात. तिथे पत्ते संपतात. जुन्या स्कूटरचा मीटर आठवा. 99999 नंतर तो पुन्हा शून्यावर यायचा, गाडी मात्र पुढे चालतच असायची. तसंच हे. त्या काळात एवढी मोठी डिस्क घरात येईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. यापूर्वीही असंच घडलंय. 28 बिटांच्या पत्त्यांमुळे एके काळी 137 जीबीच्या पुढे कॉम्प्युटरला काही दिसत नसे.

जीपीटीमध्ये पत्त्याला 64 बिट आहेत, त्यामुळे घरगुती वापरासाठी प्रश्नच मिटला. नव्या डिस्कवर अजून काहीच ठेवलेलं नव्हतं, म्हणून मी डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन केलेला विभाग काढला, डिस्कच्या नावावर राइट क्लिक करून जीपीटीमध्ये बदल केला आणि पुन्हा फॉरमॅट केली. पूर्ण जागा आली. हो, पूर्ण म्हणजे 3.63 टीबी. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज 1024 च्या, म्हणून आकडा कमी दिसतो. इथेही कुणी फसवलेलं नसतं. हे बाबांना पटायला एक चहा लागला.

मात्र ही खिडकी उघडली की हात सांभाळा. तिथे जुनी आणि नवी डिस्क एकाखाली एक दिसतात, डिस्क 0 आणि डिस्क 1 अशा. नंबरावर जाऊ नका, आकार वाचा. चुकून 500 वालीवर फॉरमॅट दाबलं असतं तर आमच्याकडे ओव्यांखेरीज काही उरलं नसतं.

विंडोज आम्ही जुन्या मशीनमध्ये होतं तसंच ठेवलं. जुन्या बायोसच्या कॉम्प्युटरमध्ये जीपीटी डिस्कवरून विंडोज सुरू होत नाही, पण फोटो-व्हिडिओ ठेवायला ती उत्तम चालते. तेवढ्यासाठी विंडोज 7 असलं तरी पुरे, 32 बिटच्या एक्सपीला मात्र ही डिस्क वाचता येणार नाही. आणि विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय, तेव्हा अशा मशीनवर बँकेचे व्यवहार नकोत. मग आमच्या विंडोजचं काय, ती तर त्याच टकटकणाऱ्या डिस्कवर! तिच्यासाठी छोटी एसएसडी घ्यायचं ठरलंय, पण विंडोज पुन्हा टाकता येते. फोटोंचं तसं नाही.

कॉपीला अख्खी रात्र गेली. सकाळी दोन्हीकडच्या फोल्डरांवर प्रॉपर्टीज उघडून फाइलींची संख्या जुळवली. ताईच्या लग्नाच्या फोल्डरात जुन्या डिस्कवर 1,214 आणि नव्यावर 1,211! तीन फोटो डिस्कच्या खराब भागात अडकले होते. दोन पुन्हा प्रयत्न केल्यावर निघाले. तिसरा नाही आला. कुठला होता ते ताईलाही आठवत नाहीये.

ओव्यांची फाइल आता नव्या डिस्कवर, पेनड्राइव्हवर आणि ताईच्या फोनमध्ये आहे. परवा संध्याकाळी बाबांनी ती लावली. मध्ये कुठेतरी कुकरची शिट्टी ऐकू येते आणि आजी ओवी थांबवून आईला म्हणते, "अगं, गॅस बारीक कर."