डोळा लागला नाही म्हणून खुंट फेकता काय?



मी काटोल तालुक्यातील एका संत्राबागायतदाराची मुलगी. सध्या डी.एल.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. जुन्या भाषेत डी.एड. म्हणा. शिक्षिका होण्याची उमेद बाळगून आहे. अजून नोकरी नाही, तेव्हा तुम्हाला उपदेश करण्याचा अधिकार मला नाही, हे मान्य. परंतु एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे, ती तुमच्यासमोर मांडते.

चौथीत असताना मला धड वाचता येत नव्हते. अक्षरे ओळखत होते, पण वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरून जायची. रोपवाटिकेत मात्र बाबांच्या शेजारी बसून जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरायला शिकले. सालीला किती खोल काप द्यायचा, पट्टी किती घट्ट बांधायची, हे कोणी समजावून सांगितले नाही. पाहून, चुकून आणि पुन्हा करून ते आले. घरचे म्हणायचे, "पोरीचं डोकं नाही चालत, हात चालतेत. कायले शाळेत पाठवता?"

शाळा सुटली नाही ती आजीमुळे. तिला स्वतःला अक्षर येत नव्हते. पण रोज रात्री खताच्या पोत्यावरचे, बियाण्याच्या पाकिटावरचे ती मला वाचायला लावायची. मी अडले की एकच शब्द, "पुन्हा वाच." वर्षभरात मी वाचू लागले.

पुढे डी.एल.एड.ला आल्यावर ऐकले की, कोणी पाहून शिकतो, कोणी ऐकून, कोणी हाताने करून. मला हायसे वाटले. म्हणजे मी 'हाताने शिकणारी' होते तर! शाळेवर सरावाला गेले तेव्हा हीच खूणगाठ मनाशी बांधून गेले.

पाचवीच्या पोरांना थेट संत्र्याच्या बागेत नेले. सहा बाय सहा मीटरवर लागवड. म्हणजे एका झाडाला 36 चौरस मीटर जागा. एका हेक्टरात 10,000 चौरस मीटर, तर झाडे किती? दोरी धरून पोरांनी बाग मोजली. उत्तर 277. मला वाटले, झाले काम! पण दुसऱ्या दिवशी पाहिले तर बापासोबत रोज बागेत राबणाऱ्या मुलाला तोंडी सगळे येत होते, मात्र कागदावर भागाकार मांडता येईना. आणि एक मुलगी बागेत नुसती गोंधळून उभी होती. फळ्यावर चौकोन काढून दाखवले तेव्हा तिला झटकन कळले. मग मी उलट केले. मुलाच्या हाती पाटी दिली, मुलीच्या हाती दोरी. सुरुवातीला दोघेही कुरकुरले, पण आठवडाभरात दोघांनाही दोन्ही जमू लागले.

तेव्हा माझी चूक माझ्या लक्षात आली. मी ज्या वाटेने शिकले तीच वाट सगळ्या पोरांची, असे मी धरून चालले होते. खरे म्हणजे वाट पोराची जात पाहून ठरत नाही, काय शिकायचे आहे त्यावरून ठरते. डोळा भरणे पुस्तकातून येत नाही आणि वाचन दोरी धरून येत नाही. वाचन वाचूनच येते, आजीने लावले तसे.

हे माझ्या एकटीच्या मनाचे नाही. 2008 साली अमेरिकेतील पॅशलर व त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी या विषयावरचे संशोधन तपासले. मुलाची 'शैली' ओळखून त्याच शैलीत शिकवले तर त्याला जास्त येते, असे म्हणण्याला पुरेसा पुरावा त्यांना आढळला नाही.

आता तुम्ही म्हणाल, याच्याशी आमचा काय संबंध? संबंध आहे. शहरातल्या पोराला 'हाताने शिकणारा' म्हटले तर त्याला खेळणी मिळतात. आपल्या गावात तेच म्हटले तर पोराच्या हाती विळा येतो. "याचं डोकं नाही, शेतीच करील," असा निकाल आपण नवव्या-दहाव्या वर्षी देऊन मोकळे होतो. कापूस वेचणीच्या दिवसांत त्याची गैरहजेरी मग कोणाला खटकत नाही. आणि शेतीला डोके लागत नाही, असे म्हणणारा शेतकरी स्वतःचाच अपमान करतो, हेही लक्षात घ्यावे.

आपल्या शेजारच्या वर्ध्याला ऑक्टोबर 1937 मध्ये गांधीजींनी शिक्षण परिषद भरवली. झाकिर हुसेन यांच्या समितीने योजना आखली आणि सेवाग्रामला नयी तालीम उभी राहिली. तिथे टकळी होती, शेती होती. पण ती 'डोके नसलेल्या' पोरांसाठी नव्हती, सगळ्यांसाठी होती. सूत कातता कातता मोजणी, हिशेब, भूगोल शिकायचा. हात आणि डोके यांची वाटणी करायची नाही, हाच तिचा गाभा होता.

म्हणून दोन गोष्टी सुचवते. पहिली, शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने 75 टक्के पालक असतात. बैठकीत रंगरंगोटी आणि पत्र्यांबरोबर एवढे विचारा की, तिसरीतली किती पोरे समजून वाचतात? 2021 च्या निपुण भारत अभियानाचे उद्दिष्टच ते आहे, 2026-27 पर्यंत प्रत्येक मुलाला तिसरीअखेर वाचन आणि गणित आले पाहिजे. दुसरी, महिन्यातून एकदा कोणाच्या तरी वावरात शाळा भरू द्या. पण वेचणीसाठी पोर शाळेतून काढू नका.

राहता राहिले माझे. टीईटीच्या 150 पैकी 90 गुण मिळवायचे, मग अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टल, मग तीन वर्षे शिक्षण सेवक. 2023 पासून त्याचे मानधन 16,000 झाले आहे. पोटासाठी नोकरी हवी, हे लपवत नाही. पण तिच्यासोबत एक उद्दिष्टही ठरवले आहे. माझ्या वर्गातल्या एकाही पोराबद्दल 'याच्याने होत नाही' हा शब्द मी उच्चारणार नाही.

तुम्ही सारे बागायतदार. जंबेरीच्या खुंटावर डोळा भरला आणि तो वाळला, तर तुम्ही खुंट उपटून फेकता काय? नाही. दुसऱ्या बाजूने काप घेऊन पुन्हा डोळा भरता. पोरांच्या बाबतीत तेवढा धीर धरायला काय हरकत आहे?