उथळ पाण्याची बाजू

उथळपणाबद्दल मराठी माणसाने कधी चांगला शब्द काढलेला नाही. माणूस असो, विचार असो की पाणी, जे खोल तेच खरं, अशी आपली ठाम समजूत. ती बोलण्यापुरती राहिली असती तर कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण आता ती जेसीबीवर बसून तलावात उतरली आहे, म्हणून उथळ पाण्याची बाजू मांडायला हवी.

नागपूरहून अर्जुनी मोरगावच्या दिशेने निघालं की धानाच्या बांध्यांमधून तलाव भेटू लागतात. एक मागे पडतो न पडतो तोच दुसरा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत. गोंड राजवटीत कोहळी समाजाने धान आणि उसासाठी यातले बरेच बांधले. पुढे ते मालगुजारांच्या ताब्यात आले. 1951 मध्ये मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. कागदोपत्री नाव पडलं ‘माजी मालगुजारी’, लोकांनी त्याचं केलं ‘मामा तलाव’. त्यातला नवेगावबांध मारुती चितमपल्लींमुळे मराठी वाचकाच्या घरात पोचला. बाकीचे मात्र अजून आपल्या गावापुरतेच प्रसिद्ध आहेत.

हे तलाव खणलेले नाहीत, अडवलेले आहेत. उताराची जमीन हेरून खालच्या अंगाला मातीची पाळ घातली, पाणी सोडायला तुडुम ठेवलं, झालं. त्यामुळे पाळीशी पाणी खोल, आणि समोरच्या बाजूला, जिथून पावसाचे ओहोळ येतात तिथे, ते पातळ होत होत जमिनीला मिळतं. म्हणजे आकार बशीचा. तलावाचा सगळा संसार चालतो तो या बशीच्या कडेला.

कारण साधं आहे. उथळ पाण्यात ऊन तळापर्यंत पोचतं, म्हणून तळाशी वनस्पती रुजतात. काही पूर्ण बुडून राहतात, काहींची पानं तरंगतात, तर काही देवधानासारख्या पाण्यातून डोकं वर काढतात. त्यांच्या पानांवर शेवाळ धरतं, शेवाळावर गोगलगायी, किड्यांच्या अळ्या आणि झिंगे जगतात, त्यांच्यावर मासे. माशांच्या पिलांना लपायलाही हीच झाडी. उन्हाळ्यात पाणी पाळीकडे सरकतं, काठाची जमीन उघडी पडते, तिच्यावर गवत येतं, गुरं चरतात, शेण पडतं. पहिल्या पावसात हे सगळं पाण्याखाली गेलं की नव्या पिलांचा खुराक तयार. तलावाला दर वर्षी असं थोडं वाळावं लागतं. शहरातल्या माणसाला कोरडा काठ पाहून हळहळ वाटते. तलावाच्या दृष्टीने ती मशागत असते.

मरळ मासा अंडी घालतो तो याच उथळ झाडीत. वनस्पती बाजूला सारून वाटोळी मोकळी जागा करतो आणि पिलं बाहेर आली की नर-मादी त्यांची राखण करतात. पिलांचा थवा पाण्याच्या वरच्या थरात हिंडतो, आईबाप आसपास दबा धरून. शिंगी आणि मागूर तर वर येऊन हवेतला श्वास घेतात. पाणी आटलं तरी चिखलात तग धरतात. उन्हाळ्यात सुकणाऱ्या तलावासाठी निसर्गाने घडवलेले हे मासे.

तरंगत्या पानांवर कमळपक्षी घर थाटतो. मादी अंडी घालून दुसरा संसार मांडायला निघून जाते. अंडी उबवणं आणि पिलं सांभाळणं नराकडे. पान नसेल तर त्या बिचाऱ्याने घरटं मांडायचं कुठे? सारसाचंही तेच. पाणथळ जागा आणि धानाचे बांधे, एवढ्यावर त्याचं भागतं. महाराष्ट्रात तो उरला आहे मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात, आणि तिथल्या मोजणीतही संख्या पन्नाशी गाठत नाही.

आपण या काठाचं काय केलं? आधी मासे बदलले. कटला, रोहू, मृगळ हे मूळचे मोठ्या वाहत्या नद्यांचे मासे. साठल्या पाण्यात त्यांची वीण होत नाही. 1957 मध्ये हिरालाल चौधरी यांनी ओडिशात इंजेक्शन देऊन अशा जातींची वीण करवण्यात यश मिळवलं आणि देशाच्या मत्स्यशेतीचं चित्र पालटलं. शोध मोठाच. त्याने लोकांच्या ताटात मासा आणला, हे मान्य करायला हवं. पण आमच्या तलावांत त्याचा अर्थ असा झाला की बीज दर वर्षी विकत आणायचं. बीज खातो म्हणून मरळ शत्रू ठरला. जाळं अडकतं म्हणून पाणवनस्पती कचरा ठरल्या. त्या खायला चीनचा गवत्या मासा आला आणि त्याने आपलं काम चोख केलं. काठाला बेशरम शिरली. ही झुडपं अमेरिकेच्या उष्ण भागातून आलेली. गुरं त्यांना टाळतात, आणि तोडून टाकलेली फांदीही पुन्हा रुजते.

आणि शेवटी आलं खोलीकरण. गाळ काढायला माझा विरोध नाही. तो काढायलाच हवा, शेतात पडला तर सोनं आहे. जुन्या काळी लोक गाळ नेतच होते, पण बैलगाडीने, जागा बघून. आता यंत्र एका टोकाने शिरतं आणि दुसऱ्या टोकाने निघतं. देयक घनमीटरवर निघत असेल तर कंत्राटदाराने काठ का राखावा? कडा उभ्या कापल्या जातात, बशीचा हौद होतो. पाणीसाठा वाढतो, फोटो छान येतात, आणि पुढच्या हंगामात मासेमार ढिवराच्या जाळ्यात विकत आणलेल्या बीजाशिवाय काही सापडत नाही.

याला उत्तर सापडलेलं आहे, तेही तिथेच. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि त्यांच्यासोबतचे ढिवर कार्यकर्ते अर्जुनी मोरगाव परिसरात काही तलावांवर काठ पुन्हा जिवंत करण्याचं काम करत आले आहेत. कोणती वनस्पती कोणत्या माशाला लागते, हे म्हाताऱ्या मासेमारांकडून समजून घेतलं. बेशरम मुळापासून उपटली, उन्हाळ्यात तलावाचं पोट नांगरलं, आणि मग शेतात धान लावावं तशी पाण्यात वनस्पतींची लावणी केली. या कामात ढिवर बाया पुढे होत्या. झाडी आली तशी देशी मासळी आणि पाखरंही परतू लागली. यात अवजड यंत्र लागलं नाही. लागली ती माहिती, आणि ती गावातच होती.

सरकारला फार मोठं काही करावं लागणार नाही. गाळ पाळीच्या बाजूने काढा. ओहोळ येतात ती बाजू, तिचा उतार आणि तिथली झाडी तशीच राहू द्या. पाणवनस्पतींची लावणी रोजगार हमीच्या कामांत बसवा. तलावाचा ठेका देताना देशी माशांच्या विणीचे पावसाळी दिवस मोकळे ठेवा. आणि अंदाजपत्रकात गाळाच्या घनमीटरशेजारी एक रकाना वाढवा: काठ किती राखला? तो रकाना भरायला अभियंत्याला ढिवरवस्तीवर जावं लागेल, हाच त्याचा मोठा फायदा.