समुपदेशकाच्या पाठीशी कोण?

गुन्हेगारास शिक्षा झाली पाहिजे, याविषयी आपल्या समाजात फारसे दुमत नाही. शिक्षा भोगून किंवा जामिनावर सुटून तो परत येतो तेव्हा त्याचे काय करावयाचे, याविषयी मात्र मतच नाही. कल्याणच्या आधारवाडी कारागृहातून सुटलेला माणूस रिक्षाने किंवा पायी स्टेशन गाठतो आणि विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर यांपैकी कोठेतरी उतरून गर्दीत नाहीसा होतो. त्यानंतर शासनाच्या लेखी तो दोनच ठिकाणी उरतो : न्यायालयाच्या तारखेत आणि पोलीस ठाण्याच्या नोंदवहीत.

ज्या परिसरात तो उतरतो त्याच्या इतिहासाकडे पाहिले की ही गोष्ट अधिकच खटकते. उल्हासनगर हे गावच मुळी पुनर्वसनातून जन्मले. कल्याणजवळच्या ओसाड पडलेल्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेले निर्वासित राहू लागले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले. उखडल्या गेलेल्या माणसाला घर, काम आणि शाळा या तिन्ही गोष्टी एकत्र मिळाल्या तरच तो रुजतो, हे त्या काळच्या शासनाला उमगले होते. त्यासाठी केंद्रात स्वतंत्र पुनर्वसन खाते होते. त्याच उल्हासनगरात आज तुरुंगातून परतणाऱ्या माणसासाठी पुनर्वसनाच्या नावाचे एक टेबलसुद्धा सहज सापडत नाही. अंबरनाथची विमको बंद झाली, मोहोन्याची एन.आर.सी. २००९ साली बंद पडली. ज्या कारखान्यांत एकेकाळी भावाच्या किंवा मामाच्या शब्दावर पोरगा कामाला लागत असे, ते गेले. आता औद्योगिक वसाहतीत कंत्राटदार पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला मागतो. उरतात ती जीन्स शिवणारी छोटी कारखाने-घरे. तेथे कागद कोणी विचारीत नाही, हे खरे. पण उद्या काम आहे की नाही हेही कोणी सांगत नाही.

या माणसासाठी कायद्याने काहीच केलेले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. मुंबई प्रांतात पहिल्या काँग्रेस मंत्रिमंडळाच्या काळात, १९३८ साली, परिवीक्षेचा कायदा झाला. पुढे १९५८ चा अखिल भारतीय अपराधी परिवीक्षा अधिनियम आला. आरोपीला तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडावे, गरज वाटल्यास किमान एक वर्ष परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवावे, एकवीस वर्षांखालील मुलांच्या बाबतीत तर अधिकाऱ्याचा अहवाल मागवूनच निर्णय घ्यावा, अशी त्याची योजना आहे. या अधिनियमाचे नववे कलम मला फार बोलके वाटते. बंधपत्राची अट मोडली तर मूळ गुन्ह्याची शिक्षा देता येते. पण अट पहिल्यांदाच मोडली असेल तर बंधपत्र कायम ठेवून जास्तीत जास्त पन्नास रुपये दंड करण्याचीही मुभा आहे. सुधारू पाहणारा माणूस एकदा तरी घसरणार, हे १९५८ सालच्या कायदेकर्त्यांनी गृहीत धरले होते. आपल्या वृत्तपत्रांचे अग्रलेख अजून तेथवर पोहोचलेले नाहीत.

अभिवचन रजा आणि संचित रजा, म्हणजे सर्वसामान्य भाषेत पॅरोल आणि फर्लो, यांचे नियम १९५९ चे आहेत. त्यांत बंदी घरी जातो तो पोलिसांचा अहवाल आणि जामीनदार यांच्या आधारावर. घरी गेल्यावर त्याने ठाण्यात हजेरी द्यावयाची. त्या काही दिवसांत बायको त्याला घरात घेते की नाही, मुलगा त्याच्याशी बोलतो की नाही, याची चौकशी करणारा माणूस या व्यवस्थेत नाही. शिवाय शिक्षा झालेल्यांनाच ही रजा असते, आणि आपले तुरुंग भरलेले आहेत ते कच्च्या कैद्यांनी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातील ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ जणांचे खटले चालू होते. म्हणजे दर चारांत तीन. ते जामिनावर किंवा निर्दोष ठरून सुटतात. परिवीक्षेच्या कायद्यात त्यांना स्थान नाही, कारण ते दोषी ठरलेलेच नसतात. नोकरी गेलेली असते, खोलीचे भाडे थकलेले असते, शेजाऱ्यांनी निकाल कधीच दिलेला असतो.

तरीही काही माणसे हे काम करीत आहेत. परिवीक्षा अधिकारी आहेत, जिल्हा बाल संरक्षण कक्षातील समुपदेशक आहेत, विधी सेवा प्राधिकरणाचे स्वयंसेवक आहेत, स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते आहेत. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून मुंबई-ठाण्याच्या तुरुंगांत आणि न्यायालयांत प्रशिक्षित समाजकार्यकर्ते घेऊन उभा आहे. अशी माणसे थोडी आहेत, ती वाढली पाहिजेत, ही मागणी आपण अधूनमधून करतो. मला त्याच्या पुढचा प्रश्न विचारावयाचा आहे. ही जी थोडी माणसे आहेत, त्यांच्याकडे कोण पाहते?

कायद्याचे उत्तर तेराव्या कलमात आहे. परिवीक्षा अधिकारी जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या नियंत्रणाखाली काम करील, असे ते कलम म्हणते. जिल्हा दंडाधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी. निवडणूक, पूर, भूसंपादन आणि मंत्र्यांचे दौरे सांभाळणाऱ्या या अधिकाऱ्याच्या हाती नियंत्रण आहे, म्हणजे मासिक तक्ता त्याच्या कार्यालयात जातो. किती भेटी दिल्या, किती अहवाल पाठविले, किती प्रलंबित आहेत, हे त्या तक्त्यात असते. भेटीत काय घडले, याचा रकाना नसतो.

आणि सगळे घडते ते भेटीतच. अंबरनाथच्या एखाद्या चाळीत एक तरुण समुपदेशक एका सुटून आलेल्या मुलाच्या घरी गेली आहे, असे समजा. मुलगा तिला विश्वासाने सांगतो की जुनी टोळी परत बोलावीत आहे आणि आपण दोनदा जाऊनही आलो. तिने आता काय करावे? न्यायालयाला कळविले तर बंधपत्र रद्द होऊन मुलगा आत जाईल आणि पुन्हा कोणावर विश्वास ठेवणार नाही. न कळवावे, तर उद्या कोणाच्या पोटात चाकू गेल्यावर जबाबदारी तिची. दुसऱ्या घरी सुटून आलेला नवरा चांगला वागतो, कामावर जातो, तक्त्यात त्याचे नाव ‘समाधानकारक’ या सदरात आहे. निघताना त्याची बायको जिन्यात हळूच हातावरचा वळ दाखविते आणि कोणाला सांगू नका म्हणते. तिसऱ्या घरी चूल पेटलेली नाही म्हणून समुपदेशक आपल्या पर्समधून दोनशे रुपये काढून देते. पुढच्या भेटीत पाचशे मागितले जातात आणि त्या दिवसापासून ती सल्लागार राहत नाही, सावकार तरी होते किंवा मूर्ख तरी. चौथा माणूस तिला रात्री दहाला फोन करतो. तो खरोखरच एकाकी आहे की त्याच्या मनात आणखी काही आहे, हे तिला ठरविता येत नाही आणि घरी कोणाला सांगण्याचीही सोय नाही, कारण घरचे म्हणतील, सोड ही नोकरी.

यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर पदवीच्या पुस्तकात मिळत नाही. ते मिळते अनुभवी माणसासमोर बसून, प्रकरण पहिल्यापासून सांगताना. समाजकार्याच्या शिक्षणात यालाच पर्यवेक्षण म्हणतात. मराठीत हा शब्द परीक्षेच्या वर्गात फिरणाऱ्या मास्तरांमुळे बदनाम झाला आहे. येथे त्याचा अर्थ पाळत असा नाही. आठवड्यातून एक ठरलेला तास, बंद दार आणि समोर अशी व्यक्ती, जी स्वतः वीस वर्षे चाळींचे जिने चढलेली आहे. ती विचारील : त्या मुलाने तुला हे का सांगितले असावे? पैसे देताना तुला बरे वाटले की अपराधी? त्या बाईला एकटीला भेटण्याची जागा कोणती? न्यायालयाला कळवावयाचेच असेल तर मुलाला आधी सांगून, त्याच्या देखत कळविता येईल काय? अशा तासात समुपदेशकाची चूक दुरुस्त होते, आणि तिच्या चुकीपासून त्या मुलाचे व त्या बाईचेही रक्षण होते. ही दुसरी बाजू आपण विसरतो. समुपदेशक गरिबाच्या घरात शिरतो तो सत्ता घेऊन. त्याच्या अहवालाच्या एका ओळीवर कोणाचे तरी स्वातंत्र्य अवलंबून असते. त्याच्या मनात जातीचे पूर्वग्रह असतील, पारध्याच्या पोराकडे तो वेगळ्या नजरेने पाहत असेल, तर ते त्याला कोण दाखवून देणार? गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली गेला. नजर गेली असे कोणी म्हणू शकेल काय?

या विषयात आपली कल्पनाशक्ती एका चित्रपटाने घडविली आहे. औंध संस्थानात १९३९ च्या सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही बंद्यांची खुली वसाहत उभी राहिली, मॉरिस फ्रीडमन यांच्या प्रयत्नांतून. त्या प्रयोगावरून स्फूर्ती घेऊन व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. सहा खुनी आणि एक जेलर. चित्रपट उत्तम आहे, मी तो अनेकदा पाहिला आहे. परंतु त्यातून आपण शिकलो ते असे की माणूस सुधारतो तो एका असामान्य माणसाच्या डोळ्यांच्या धाकाने आणि मायेने. शेवटी तो जेलर मरतो आणि आपण डोळे पुसत बाहेर पडतो. दुसऱ्या दिवशी त्या सहा जणांना कोण पाहणार होते, हे आपण विचारीत नाही. सेवा असामान्यांवर चालत नाही. ती सामान्य पगाराच्या, कधी चिडणाऱ्या, कधी थकणाऱ्या माणसांवर चालते, आणि म्हणूनच त्यांच्या पाठीशी कोणी असावे लागते.

बदलापूरचे नाव घेतल्यावर ऑगस्ट २०२४ टाळता येणार नाही. शाळेतल्या दोन चिमुकल्या मुलींवर झालेल्या अत्याचारामुळे २० ऑगस्ट रोजी हजारो नागरिक रेल्वेमार्गावर उतरले. तो संताप न्याय्य होता. तक्रार नोंदवून घेण्यास झालेला विलंब कोणाही आईबापाचे रक्त तापविणारा होता. पुढे २३ सप्टेंबर रोजी आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला, आणि त्या मृत्यूबद्दल पाच पोलिसांना जबाबदार धरणारा दंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयापुढे आला. खटला चाललाच नाही, निकालही मिळाला नाही. त्या दिवसांत ‘बरे झाले’ असे म्हणणाऱ्यांत आपलेही काही मित्र होते. ज्या शहराने न्यायाची ही जलद रीत पाहिली, तेथे चोरीच्या गुन्ह्यातून सुटलेल्या पोरासाठी कोणा घरमालकाकडे शब्द टाकणाऱ्या समुपदेशकाला काय ऐकून घ्यावे लागत असेल, याचा विचार करावा. तिला ते ऐकून दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच गल्लीत जावे लागते.

आणि ती जाते कशाच्या बळावर? बाल संरक्षणाच्या योजनेतील बहुतेक कर्मचारी मुदतीच्या करारावर आहेत. कराराचे नूतनीकरण ज्याच्या हाती, त्याच्यापुढे ‘माझी चूक झाली’ असे कोणता कर्मचारी म्हणेल? पर्यवेक्षक आणि करार वाढविणारा वरिष्ठ एकच असेल तर तो आठवड्याचा तास फुकट आहे. पर्यवेक्षकाची पदे वेगळी, कायम आणि क्षेत्रात काम केलेल्यांतून भरलेली असावीत, या मागणीचा अर्थ इतका व्यावहारिक आहे. दरम्यान काम वाढतेच आहे. जामीन मंजूर होऊनही पैशाअभावी आत राहिलेल्यांच्या आर्थिक स्थितीचा अहवाल तयार करण्यासाठी परिवीक्षा अधिकाऱ्यांची मदत घ्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी सुचविले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत किरकोळ गुन्ह्यांसाठी समाजसेवेची शिक्षा आली. दोन्ही गोष्टी स्वागतार्ह आहेत. पण हातात झाडू दिलेल्या माणसाशी कोणी बोलणार नसेल, तर ती बिनपगारी वेठ ठरेल.

आपल्याकडेही थोडे पाहावे. आणीबाणीत आपल्यापैकी कितीतरी जण नाशिक आणि येरवड्याच्या बराकींत होते. शेजारच्या बराकीतल्या सामान्य बंद्यांनी त्यांना भाकरी कशी पचवावी आणि हिवाळ्यात घोंगडी कशी घ्यावी हे शिकविले, अशा आठवणी आपण शिबिरांतून ऐकल्या आहेत. १९७७ साली आपण सुटलो तेव्हा दारात हार होते. ते सोबती सुटले तेव्हा कोण होते, याची नोंद आपल्या कोणत्याही अहवालात मला आढळली नाही. करारावरील समुपदेशकांची संघटना बांधण्याचा विषयही अजून आपल्या कामगार आघाडीपुढे आलेला नाही.

अंबरनाथ आणि उल्हासनगरच्या शाखांना एक काम लगेच करता येईल. तेरावे कलम ज्याच्याकडे नियंत्रण देते त्या जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या कार्यालयात माहितीच्या अधिकाराखाली अर्ज टाकावा. ठाणे जिल्ह्यात परिवीक्षा अधिकाऱ्यांची मंजूर पदे किती, भरलेली किती. एकेकाकडे आज किती प्रकरणे. त्यांच्या प्रकरणांवर चर्चा करणारा प्रशिक्षित वरिष्ठ कोण, त्याची गेल्या वर्षात किती वेळा बैठक झाली. भिवंडीच्या निरीक्षणगृहातून सुटलेल्या बदलापूरच्या मुलाच्या घरी कोण जाते आणि त्याचा प्रवासखर्च कोणत्या शीर्षाखाली मिळतो. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. ते आले की शाखांनी या पत्राकडे पाठवावे.