चिऱ्यांचा वाफा आणि हरमलची मिरची

एप्रिल-मे महिन्यात म्हापशाच्या बाजारात पुरुमेंताच्या सुक्या मिरच्यांचे ढीग लागले की आमच्या सासूबाई प्रत्येक ढिगापाशी थांबतात. भाव विचारतात, मूठभर मिरच्या हातात घेऊन वास घेतात आणि काही न घेता पुढे जातात. त्यांचं माहेर हरमलचं. तिथल्या मिरचीला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्ही सगळे कौतुकाने बातमी वाचत होतो. त्या मात्र एवढंच म्हणाल्या, "कागद मेळ्ळो, बीं खंय आसा?"

बी त्यांच्याकडे होतं. चुलीच्या राखेत घोळवून काचेच्या बाटलीत ठेवलेलं, आईच्या हातचं म्हणून जपलेलं. पण गुडघ्यांनी दगा दिला आणि त्यांना जमिनीवर बसून खुरपणी करणं जमेना. त्यातच घर दुरुस्त करताना मी अंगणभर फरशी घालून घेतली. चिखल नको, पावसाळ्यात शेवाळं नको, ही माझी हौस. परसबाग गेली आणि त्या दुपारभर टीव्हीसमोर बसू लागल्या.

मग मला गादीवाफ्याची कल्पना सुचली. जमिनीपासून उंच वाफा केला, की काठावर बसूनच काम करता येईल. चिरे आणले, सिमेंट न लावता एकावर एक तीन थर रचले, म्हणजे जवळजवळ दोन फूट उंची झाली. रुंदी चार फूट, कारण दोन्ही बाजूंनी हात दोन-दोन फुटांपर्यंतच पोचतो. (भिंतीला लागून करायचा तर दोन फुटांपेक्षा रुंद करू नका आणि भिंत व वाफा यांत वीतभर जागा सोडा, नाहीतर भिंतीला ओल चढते.) इथपर्यंत सगळं बरोबर होतं. पण लाल मातीने फरशीवर डाग पडतील म्हणून मी तळाला जाड प्लास्टिक अंथरलं आणि कडेने वर वळवून घेतलं!

सासूबाईंनी बाटली माझ्या हातात दिली ती मे महिन्यात. "सगळां लावू नाका" असं बजावूनच. मी सगळं पेरलं. रोपं छान झाली, चाळीसेक लागली. मृगाचा पाऊस आला तेव्हा त्या काठावर बसून रोपांना हात लावत होत्या, आणि मी स्वतःवरच खूश.

जुलैत एकेक रोप दुपारी मान टाकू लागलं. आमच्याकडे पाऊस चार महिन्यांत सुमारे तीन हजार मिलिमीटर पडतो, आणि ते पाणी माझ्या वाफ्यात तळ्यासारखं साठत होतं. माझ्या डोक्यात मात्र रोग. मिरची, वांगी, टोमॅटोला आपल्या आम्लधर्मी मातीत मर रोग फार होतो, हे खरंच आहे. शेतीतल्या एका ओळखीच्या माणसाने एक साधी परीक्षा सांगितली. मान टाकलेल्या झाडाचं खोड बुंध्याशी कापून स्वच्छ पाण्याच्या पेल्यात उभं धरायचं. मर असेल तर कापलेल्या टोकातून दुधासारखे धागे पाण्यात उतरतात. तसं झालं तर त्या वाफ्यात काही वर्षं मिरची-वांगी-टोमॅटो लावायचं नाही. आमच्या पेल्यातलं पाणी नितळच राहिलं. सासूबाईंनी मुळं उपटून बघितली, काळी पडलेली, कुजलेली. "उदक रावल्यार मिरसांग कुसता गो," म्हणाल्या आणि आत गेल्या. त्यापेक्षा रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तीन रोपं वाचली. तिन्ही एकाच कोपऱ्यात, जिथे एक चिरा सरकला होता, प्लास्टिक फाटलं होतं आणि पाणी वाहून जात होतं.

त्या कोपऱ्याला मी हात लावला नाही. बाकीची माती पाऊस ओसरल्यावर उपसली, प्लास्टिक काढलं आणि वाफ्याखालची फरशी गवंड्याकडून फोडून घेतली. तळाला सोडणं आणि चुडतांचे तुकडे, त्यावर सुका पाला, मग दोन भाग माती नि एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, आणि आंबटपणा कमी व्हावा म्हणून थोडा चुना. चुना आणि शेणखत एकाच दिवशी घालू नये, मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत. खालचा पाला कुजतो तसा वाफा खाली बसतो, आमचा वर्षात अर्धा फूट बसला. दरवर्षी वरून खत-माती घालावीच लागते. उन्हाळ्यात उंच वाफा जमिनीपेक्षा लवकर सुकतो, तेव्हा पाल्याचं आच्छादन हवं. आणि पावसाळ्यात रात्री विजेरी घेऊन गोगलगायी वेचायच्या, हे काम आमच्या घरी मुलाकडे आहे. तो कुरकुरतो, पण मोजून सांगतो.

त्या तीन झाडांची लाल पिकलेली मिरची सासूबाईंनी ऑक्टोबरात स्वतः तोडली. सगळ्यात निरोगी झाडाची वेगळी ठेवली, सावलीत सुकवून बी काढलं. शेजारणीने दिलेलं लवंगी मिरचीचं रोप मात्र त्यांनी मला गच्चीवर न्यायला लावलं. मिरचीचा संकर होतो आणि पुढच्या वर्षी बी आपलं राहत नाही, हे त्यांना पुस्तकाशिवाय माहीत आहे.

डिसेंबरात रोपं लागली. सकाळी मी चहा घेऊन जाते तेव्हा त्या काठावर बसलेल्या असतात, साडीचा पदर खोचून. अजून मला बी हातात देत नाहीत. बाटल्या आता दोन केल्या आहेत. एक त्यांच्या कपाटात आणि दुसरी पेडण्याला नणंदेकडे. ती पोचवायला मात्र मलाच पाठवलं होतं.